कळणं आणि वळणं

2021 च्या मे महिन्यात माझा धाकटा चुलता कोरोनाने गेला. दहाव्याला मोजकीच माणसं होती, तोंडाला फडकी बांधलेली, एकमेकांपासून लांब लांब बसलेली. घाटावरचं सगळं उरकून घरी आलो, तशा गल्लीतल्या तीन-चार बायका ओसरीवर पुढे झाल्या. काकू भिंतीला टेकून बसली होती. हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर आदल्या दिवशीचं फिसकटलेलं कुंकू. बायका कशासाठी उठल्यात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणी काही बोलत नव्हतं.

माझी आजी तेव्हा 86 वर्षांची. गेलेला तिच्या पोटचा. खांबाला धरून ती उठली, काकूच्या पुढ्यात येऊन बसली आणि तिचे दोन्ही हात स्वतःच्या पदराखाली घेतले. म्हणाली, "हिच्या हाताला हात लावायचा न्हाई कुणी. ल्योक माझा गेलाय. हिनं काय केलंय?"

बायका थांबल्या. एक म्हातारी पुटपुटली, "रीत हाय आक्का." आजीने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

हे करणारी बाई कोण होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. आजोबा 1974 साली गेले, तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. त्यानंतरची सत्तेचाळीस वर्षं तिने एकही रीत मोडली नाही. संक्रांतीला सुगडं तीच पुसायची, त्यात ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे तीच भरायची, तिळगूळ तिच्याच हातचा. पण हळदीकुंकवाच्या बायका अंगणात आल्याची चाहूल लागली की मुकाट्याने माजघरात जायची आणि शेवटची बाई उंबरा ओलांडून गेल्यावर बाहेर यायची. कॉलेजात असताना मी नुकतेच आगरकर वाचले होते. सुट्टीला गेलो की तिच्याशी तावातावाने वाद घालायचो. ती तांदूळ निवडत राहायची. होकार नाही, नकार नाही.

चुलत्याला जाऊन महिना झाल्यावर मी तिला विचारलं, त्या दिवशी हे तुझ्या मनात कुठून आलं? ती म्हणाली, "तवा तू बोलत व्हतास ते समदं कळत व्हतं रं मला. पर माझ्या टायमाला आसं म्हणणारं दारात कुणी उभं न्हवतं."

आपण सहज म्हणतो, कळतं पण वळत नाही. बहुधा आळसाबद्दल किंवा व्यसनाबद्दल म्हणतो. मला मात्र वाटतं की माणसाच्या विश्वासांचा सगळा इतिहास या दोन क्रियापदांच्या मधे आहे. कळणं पुस्तकाने होतं, भाषणाने होतं, नातवाच्या बडबडीनेही होतं. वळणं तेवढ्यावर होत नाही. कळलेलं आत पडून राहतं, कधी पन्नास वर्षं, आणि मग आयुष्यात असं काही येतं की ते उचलून वापरावंच लागतं. महाराष्ट्रातल्या गेल्या दीडशे वर्षांतली काही आयुष्यं या नजरेने पाहिली की ही मधली जागा स्पष्ट दिसू लागते.

धोंडो केशव कर्वे आणि पंडिता रमाबाई हे दोघे 1858 च्या एप्रिलचे, पाच दिवसांच्या अंतराने जन्मलेले. रमाबाईंना अनुभवाने लहानपणीच गाठलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, घरदार सोडून तीर्थामागून तीर्थ पालथं घातलं, आणि अखेर दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. ज्या देवांना सगळं वाहिलं त्यांच्याच दारात हे घडलं. पुढे त्या इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, पण याचं मूळ शोधायला तिथपर्यंत जावं लागत नाही. ते या वाटेवरच सापडतं.

कर्वे तसे नव्हते. मुरूडचा लाजाळू, मितभाषी मुलगा, गणिताचा मास्तर. विधवाविवाह योग्य आहे हे त्यांना तरुणपणापासून मान्य होतं, पण ते तेव्हाच्या पुष्कळ सुशिक्षितांना मान्य होतं, आणि बहुतेकांनी ते मान्य करून ठेवून दिलं होतं. 1891 मध्ये पत्नी राधाबाई गेल्या. दुसरं लग्न करायचं तर आता प्रश्न पुस्तकातला राहिला नाही. तेहतिशीतल्या विधुराला त्या काळी दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळे. कर्व्यांचे मुंबईतले स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालविधवा होती. रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, तेव्हा पहिल्या विद्यार्थिनींमध्ये ती होती. त्यानंतर बरोबर चार वर्षांनी, 11 मार्च 1893 ला, कर्व्यांनी पुण्यात तिच्याशी लग्न केलं. त्याच आनंदीबाई कर्वे, अर्थात बाया कर्वे.

लग्नानंतर मुरूडकरांनी बहिष्कार घातला. त्याची झळ कर्व्यांपेक्षा गावात राहणाऱ्या आईला आणि भावाला जास्त बसली. मला महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. 1893 मध्येच कर्व्यांनी मंडळ काढलं, त्याचं नाव होतं विधवाविवाहोत्तेजक मंडळी. दोन वर्षांत त्यांनी ते बदलून विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असं केलं. उच्चारताना जीभ अडखळते, पण या नावबदलात माणूस कसा शिकतो ते दिसतं. 'उत्तेजन' देणारा वर उभा राहून दुसऱ्याला ढकलत असतो. 'प्रतिबंध' काढणारा वाटेतला दगड बाजूला करतो, पुढे जायचं की नाही ते त्या बाईवर सोडतो. स्वतःचं लग्न, मुरूडचा बहिष्कार, आईचे हाल हे सगळं पाहिल्यावर आलेलं हे शहाणपण आहे. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तिथे लग्नाचा आग्रह नव्हता, शिक्षणाचा होता. कडव्या सुधारकांना ही माघार वाटली. मला ती वाटत नाही.

त्याच आश्रमात बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आल्या. विसाव्या वर्षी विधवा, केशवपन झालेलं. बहिणीने पुनर्विवाह केलेला, मेहुण्याचं काम डोळ्यांसमोर, पण पार्वतीबाईंनी लगेच काही बदललं नाही. त्याच वेषात आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी गोळा केला आणि कितीतरी वर्षांनी, स्वतःच्या विचाराने, केस वाढवले. पुढे इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामं केली. सुधारणेच्या अगदी मधोमध राहूनही एका बाईला इतका वेळ लागला, याबद्दल तिला कुणी नावं ठेवू नयेत. शेवटी डोकं तिचं होतं.

याच काळातली आणखी एक गोष्ट आपण फार क्वचित सांगतो. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आपण करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. सुधारकांनी लेख लिहिले, शास्त्र्यांनी वचनं काढली, पण वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांना त्या मुलीचं रडणं जवळून ऐकू येत होतं. त्यांना शास्त्रार्थाची गरज पडली नाही.

सोवळ्याबद्दल लिहायचं तर लक्ष्मीबाई टिळकांकडे वळावं लागतं. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी वडिलांच्या सोवळ्याचं जे वर्णन केलं आहे ते वाचताना हसू येतं आणि पोटात कालवतंही. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. त्या घरातली ही मुलगी. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नवरा, नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. मग त्या परत आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांसारखा वक्ता आणि कवी घरात असताना युक्तिवादाची काय कमतरता होती! पण बाई बधल्या नाहीत. त्यांना वळवलं ते रोजच्या व्यवहाराने. जवळपास वावरणारी माणसं, आजारपणं, कुणाचं तरी मूल मांडीवर घेणं. मग एके दिवशी त्यांच्या मनाने सरळ विचारलं, हे भेद देवाने केले की माणसांनी? त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायला त्यांची हरकत उरली नाही. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 चा. आधी जात गेली आणि मग धर्म बदलला, हा क्रम मला मोलाचा वाटतो.

वाचलेलं किती काळ आत थांबून राहतं याचं सर्वांत मोठं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. 1907 मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात ते पुस्तक पडलं, पण वाट त्यानंतर कितीतरी लांबून गेली. 20 मार्च 1927 ला महाडचं चवदार तळं, 2 मार्च 1930 पासून नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह. हजारो माणसं त्या दारापुढे उभी राहिली, मार खाल्ला, तुरुंगात गेली, आणि वर्षांमागून वर्षं दार बंदच राहिलं. 1934 मध्ये त्यांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात हा सत्याग्रह मूर्तीच्या पूजेसाठी नव्हता, आपल्या माणसांना जागं करण्यासाठी होता, असं स्पष्ट केलं आहे. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. तरीही आणखी एकवीस वर्षं त्यांनी थांबून विचार केला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा केळुसकरांच्या भेटीला जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. हे एकट्याचं मतपरिवर्तन नव्हतं. लाखो लोक त्याच दिवशी त्यांच्याबरोबर वळले, कारण बंद दाराचा अनुभव त्या सगळ्यांचा होता.

गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचं उलट. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाबद्दल वाचलं आणि त्या ओढीने 1899 मध्ये घर सोडलं ते पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेशापर्यंत गेले. त्यांना कळताक्षणी वळता आलं. अशी माणसं विरळा, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या घरच्यांनी काय सोसलं तेही लिहिलं जायला हवं.

कळूनही हात आखडल्याचं उदाहरण द्यायचं तर 1918 च्या मार्चमधली मुंबईतली अस्पृश्यता निवारण परिषद. विठ्ठल रामजी शिंद्यांनी ती भरवली, सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते. लोकमान्य टिळकांनी तिथे अस्पृश्यता मानणाऱ्या देवाला आपण देवच मानणार नाही, अशा अर्थाचं भाषण केलं. सभा दणाणली. मग व्यक्तिगत आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा जाहीरनाम्यावर सह्या घेतल्या जाऊ लागल्या. त्यावर टिळकांची सही झाली नाही. लोकमान्यांबद्दल मनात आदर असूनही हा प्रसंग मी झाकून ठेवू इच्छित नाही. एवढ्या मोठ्या माणसालाही व्यासपीठापासून सहीच्या कागदापर्यंतचं अंतर तोडता आलं नाही.

वळण नेहमी पुढच्याच दिशेला असतं असंही नाही. आमच्याकडे घाटावरच्या शेतकरी जातींत विधवेचा पाट लागायचा, म्हणजे तिचं दुसरं लग्न व्हायचं, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मग घरात चार पैसे आले, कुणी पाटील झाला, कुणी मामलेदार झाला, आणि 'आपल्यात पाट लावत नाहीत' हे मोठेपणाचं लक्षण ठरलं. माझ्या आजीची पणजी पाटाची होती. आजी एकोणचाळिसाव्या वर्षी माजघरात गेली. दोघींच्या मधल्या काळात महाराष्ट्रात फुले झाले, कर्वे झाले, शाहू महाराज झाले. पुस्तकातला इतिहास आणि घरातला इतिहास एकाच दिशेने चालतात, ही माझी समजूत आजीमुळे गेली.

4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामसभेने विधवाप्रथा बंदीचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. दोन दिवसांनी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा दिवस होता. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही याचं अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. गावोगाव तेव्हा कोरोनात नवरे गेलेल्या, पंचविशी-तिशीतल्या बायका होत्या. कागदावर आणि मनात कधीपासून कळलेलं होतं ते वळायला ही दोन वर्षं लागली, असं मी समजतो. ठराव झाला म्हणून सगळीकडचे हात थांबले नाहीत, हेही खरं.

आता माझं. त्या दिवशी ओसरीवर मी होतो. आगरकर वाचलेला, आजीशी वाद घालणारा, शहरात या विषयावर बोलून आलेला मी काकूपासून चार हातांवर उभा होतो. बायका पुढे झाल्या तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दुःखाचं घर आहे, आत्ता कशाला, असं काहीतरी मी मनाशी म्हटलं. सत्तेचाळीस वर्षं रीत पाळलेली म्हातारी उठली आणि मी उभाच राहिलो. मला कळलेलं होतं, तिला वळलेलं होतं. तेव्हापासून मी या विषयावर वाद घालत नाही. कुणाकडे असा प्रसंग आल्याचं समजलं की जातो आणि त्या बाईच्या शेजारी बसतो.

आजी 2023 च्या पावसाळ्यात गेली. तिच्या शेवटच्या संक्रांतीला ती काकूला घेऊन बाहेरच्या सोप्यात बसली होती, सुगडाचं वाण स्वतःच्या हाताने देत. दोघीजणींनी नाही घेतलं. बाकीच्यांनी घेतलं. त्या वर्षीपासून नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरातल्या पोरांना तेल लावून काकूच ओवाळते.

तुमच्या घरात अशी कुणी आई, काकू, आत्या दिवाळीच्या पहाटे स्वयंपाकघरात मागे राहत असेल, तर यंदा निरांजनाचं ताट आधी तिच्या हातात द्या.