अंगणातला चिखल आणि प्लास्टिकची हिरवळ

दुधनीला पाऊस बेताचाच. पण सप्टेंबरात कोसळतो तेव्हा काळ्या मातीच्या अंगणात पाय टाकायची सोय राहत नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, फजरच्या वुजूसाठी अंगणातल्या नळाकडे निघाल्या आणि घसरल्या. मनगटाचे हाड मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता.

तेव्हाच ठरवले, अंगणात प्लास्टिकचे गवत टाकायचे. विकणारा म्हणाला, "मॅडम, याला खालून भोकं आहेत. पाणी थांबणारच नाही." माती सारखी केली आणि वर हिरवा गालिचा अंथरला. मुले खूश झाली. पुढच्या पावसात मात्र पाय ठेवला की बोटांमधून पाणी वर येऊ लागले. तीन दिवसांनी कुबट वास सुटला. कोपरा उचलून पाहिले, तर खाली मळलेल्या कणकेसारखा चिखल!

भोकांची गोष्ट खोटी नव्हती. पाणी गवतातून खाली जातच होते, पण खालची माती ते घेत नव्हती. वर्गात शिकवते ते गणित मग घरी मांडले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचे अंगण वीस बाय पंधरा फूट, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर १,४०० लिटर पाणी साचते, म्हणजे दोनशे लिटरची सात पिंपे. चिकणमाती तासाला एक ते पाच मिलिमीटरच पाणी मुरवते. जास्तीत जास्त १४० लिटर जिरले, तरी सहा पिंपांहून अधिक पाणी वरच राहते. छताच्या पत्र्यावरून पडणारे पाणी यात धरलेलेच नाही.

आपली काळी माती काळ्या पाषाणापासून झाली आहे. तिचे कण फार बारीक. ओली झाली की ती फुगते आणि पाण्याच्या वाटा बुजतात. उन्हाळ्यात आकसते, तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीलगत पाणी साचत राहिले तर ही फुगणारी माती पायाही हलवते. भिंतीला तिरक्या चिरा पडतात त्या पुष्कळदा यामुळेच.

प्लास्टिकचे गवत मुळात चिखलासाठी निघालेले नाही. १९६६ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या छत असलेल्या स्टेडियममध्ये खरे गवत जगेना, म्हणून ते अंथरले आणि त्याचे नाव झाले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा त्यावर खेळली गेली. अशा मैदानांखाली खडीचे थर, मोजून दिलेला उतार आणि पाण्याच्या नळ्या असतात. पाणी काढण्याचे काम त्यांचे. आम्ही नुसता गालिचा आणला होता.

मग काम पुन्हा काढले. आधी छताला पन्हाळ बसवून ते पाणी टाकीत वळवले. अंगणातली सहा इंच काळी माती उचलली. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दर दहा फुटांना दीड इंच उतार दिला. खडीत चिखल मिसळू नये म्हणून जिओटेक्स्टाइलचे जाड कापड अंथरले. त्यावर चार इंच खडी, वर बारीक खडीचा थर, आणि दोन्ही धुमसाने ठोकून घेतले. सखल कडेला भोके पाडलेला पाइप कापडात गुंडाळून पुरला. मुरूम टाकून भागेल असे मिस्त्री म्हणत होता. पण माती मिसळलेला मुरूम दाबला की पाणी अडवतो, म्हणून खडीच घेतली.

एक चूक तरीही झाली. पाइपाचे तोंड आम्ही मागच्या कुंपणाकडे सोडले. पहिल्याच पावसानंतर शेजारच्या चाची दारात उभ्या राहिल्या. "बेटी, तुझं अंगण सुकलं, पण माझ्या स्वयंपाकघराची भिंत ओली झाली." मला बोलायला तोंड उरले नाही. शेजाऱ्याचा हक्क मुलांना आपणच शिकवतो ना? दुसऱ्याच दिवशी पाइप फिरवून रस्त्याकडेच्या गटाराला जोडला. जवळ गटार नसेल तर शोषखड्डा चालतो, पण तो खाली मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा. काळ्या मातीतच थांबवला तर तो नुसता भरून बसतो.

आता कुणी विचारले, गवत टाकू का, तर मी आधी एक फूट खोल खड्डा खणून पाणी भरायला सांगते. सकाळी पाणी तसेच असेल तर आधी उतार आणि खडी. मग वर काय घालायचे ते तुमच्या सोयीने. या गवताचे तोटेही आहेत. मे महिन्याच्या दुपारी ते इतके तापते की अनवाणी मुलाचा पाय भाजेल, त्यामुळे सावली हवीच. बकरी ईदेला बकरे तिथे बांधले तर मूत खाली मुरून वास राहतो. काही वर्षांनी ते झिजते आणि प्लास्टिकचा कचरा होतो. म्हणून आम्ही अर्ध्याच भागात गवत ठेवले. नळापासून दारापर्यंत खरबरीत शहाबादी फरशी बसवली. शहाबाद आपल्याच रेल्वेमार्गावर आहे आणि ही फरशी वर्षानुवर्षे टिकते. कडेला लिंबाच्या झाडाला आळे ठेवले.

हे काम मृगाच्या आधी, माती कोरडी असतानाच उरकावे. ओल्या काळ्या मातीत कुदळ चालत नाही आणि ठोकलेला थर बसत नाही. मिस्त्रीशी पैसे ठरवण्याआधी त्याला एवढे जरूर विचारा : अंगणातले पाणी शेवटी कुठे जाणार? तो बोटाने जागा दाखवेल, तिथे स्वतः जाऊन पाहा. अम्मी आता पावसातही नळापर्यंत एकट्या जातात.