वहाण धुवायची नसते!

मैत्रिणींनो, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी केलेला एक पराक्रम आज तुम्हाला सांगते. साल १९८४. मामंजींची कापशी चप्पल धुळीनं आणि घामानं अगदी काळवंडली होती. नव्या सुनेला कामाची हौस भारी! दुपारी ते झोपलेले बघून मी ती चप्पल धुण्याच्या पावडरीत बुडवली, ब्रशनं खसाखसा घासली आणि गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात वाळत टाकली. संध्याकाळी पाहते तो काय! चप्पल पापडासारखी कडक, कडा वर वळलेल्या, अंगठा तडकलेला आणि वर पांढरे डाग. ही जोडी त्यांनी कोल्हापूरला जाऊन, पायाचं माप देऊन करून घेतली होती.

मामंजींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "सूनबाई, लुगडं धुवायचं. वहाण पुसायची." रागावले असते तर बरं वाटलं असतं!

चूक कुठे झाली हे पुढे कळलं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून कमावतात. त्या सालीचा अंश आणि वर लावलेलं तेल, यांच्यामुळे चामडं मऊ आणि चिवट राहतं. साबणाच्या पाण्यात बुडवलं की दोन्ही निघून जातात. त्यात कडक ऊन लागलं की उरलासुरला ओलावा भरकन उडतो आणि कातडं आक्रसतं. म्हणजे चामड्याला पाणीही सोसत नाही आणि आचही सोसत नाही. एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळं सोपं आहे.

रोजचं काम दोन मिनिटांचं. बाहेरून आल्यावर कोरड्या फडक्यानं धूळ झटका. वेणीच्या खाचांतली माती जुन्या दातांच्या ब्रशनं हलकेच काढा. घामाचा डाग असेल तर फडकं ओलं करून घट्ट पिळा, पुसून घ्या आणि चप्पल पंख्याखाली सावलीत ठेवा. शक्य असेल तर एकच जोडी रोज घालू नका. घाम वाळायला एक दिवस मिळाला की जोडी जास्त टिकते.

महिन्यातून एकदा तेल द्यायचं. एरंडेल चांगलं. चार-पाच थेंब मऊ फडक्यावर घेऊन पातळ हात फिरवा. रात्रभर मुरू द्या, सकाळी कोरडं पुसा. तेल ओतायचं मात्र नाही हं! जास्त झालं की धूळ चिकटते आणि फरशीवर पावलं उमटतात. तेलानं रंग थोडा गडद होतो, म्हणून आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहा. लाल गोंड्याला आणि जरीला तेल लावू नका. नवी चप्पल पायाला चावत असेल तर पट्ट्याच्या आतल्या बाजूनं तेल लावा आणि आठवडाभर घरातच अर्धा अर्धा तास घालून फिरा.

आता पावसाळ्याचं. खरं तर कोल्हापुरी पावसात घालूच नये. पण वळवाच्या सरीत सापडलात तर घाबरू नका. आधी टिपून घ्या. मग वर्तमानपत्रात गुंडाळा आणि कागद ओला होईल तसा बदलत राहा. गॅसजवळ, इस्त्रीखाली किंवा केस वाळवायच्या यंत्रासमोर धरू नका. पूर्ण वाळल्यावर तेलाचा हात द्या.

बुरशी आली तर चप्पल टाकून देऊ नका. गॅलरीत नेऊन, नाकाला पदर लावून, कोरड्या ब्रशनं बुरशी झाडा. मग काचेच्या वाटीत निम्मं पाणी आणि निम्मं व्हिनेगर घेऊन त्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा आणि सावलीत वाळवा. चार महिने ठेवून द्यायची असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत दमट होतं. जुन्या सुती पिशवीत घाला आणि पंधरा दिवसांनी वारा द्या.

यातलं काहीही रेक्झीनच्या चपलेला करू नका. तिच्यात तेल मुरतच नाही. म्हणून विकत घेतानाच नीट विचारा. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. या भागातल्या कारागिरांच्या घरी बायकाही हे काम करतात. वेण्या विणणं, पट्टे शिवणं बऱ्याचदा त्यांच्याच हातचं असतं. महिन्याभरात आपण ती चप्पल कडक करून कोपऱ्यात टाकली, तर त्या हातांची मेहनत वाया जाते. वर पुन्हा आपणच म्हणतो, "कोल्हापुरी टिकत नाही बाई!"

त्या वर्षी दिवाळीला मी भिशीच्या पैशांतून मामंजींना नवी कापशी आणली. त्यांनी ती पायात घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, मग काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "हिचं तेलपाणी आता तुझ्याकडे." पाणी म्हणताना हसले मात्र!

मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या चपलेचा तळ दोनदा बदलला, एक अंगठा नवा लावला. आता सणासुदीला ती माझा मुलगा घालतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ती काढते आणि एरंडेलाची बाटली घेऊन बसते. तुमच्या चपलांच्या कपाटातही मागे कुणाची तरी जोडी पडून असेल. पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा बाहेर काढून बघा.