नव्या रंगाखालचं जुनं जहाज

अलीकडे सांगली-साताऱ्याकडच्या लग्नाच्या वाढदिवसांच्या अल्बममध्ये महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या जोडीला क्रूझचा डेक दिसू लागला आहे. निळा तरणतलाव, काचेची लिफ्ट, झुंबरांखालचा जिना, खाली बहुधा ‘नवंकोरं जहाज’ अशी ओळ. मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ खरोखरच तसं भासतं. प्रत्यक्षात ते 1990 साली फ्रान्समधल्या सेंट नझेर गावच्या गोदीत तयार झालं. तेव्हा नाव होतं ‘नॉर्डिक एम्प्रेस’. 2004 मध्ये ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झालं, 2008 मध्ये स्पॅनिश कंपनीकडे जाऊन नुसतं ‘एम्प्रेस’, 2016 मध्ये पुन्हा ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ आणि विक्रीनंतर सप्टेंबर 2021 पासून मुंबईत परत ‘एम्प्रेस’. पस्तिशी ओलांडलेलं जहाज फोटोत कोरं दिसतं, त्यामागचा उद्योग फोटोइतकाच, किंबहुना फोटोहून जास्त, पाहण्यासारखा आहे.

जहाजाची लांबी 211 मीटर आणि ग्रॉस टनेज 48,563. हा आकडा म्हणजे वजन नव्हे, ही चूक वर्तमानपत्रंसुद्धा करतात. जहाजाच्या बंदिस्त पोकळीचं ते माप आहे. वर एखादा बंदिस्त मजला चढवला की टनेज वाढतं, त्यामुळे नूतनीकरणानंतर एकाच जहाजाचे दोन आकडे सापडले तर गोंधळू नये. ‘नॉर्डिक एम्प्रेस’ची मांडणी मुळातच तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठी केलेली होती. खोल्या आटोपशीर, गप्पागाण्यांच्या जागा ऐसपैस. मुंबईच्या बाजारात चालतात त्याही दोन ते पाच रात्रींच्याच सहली. तीन दशकांनंतर, दुसऱ्या समुद्रावर, जहाजाला मूळचंच काम मिळालं आहे.

नूतनीकरण म्हणजे गालिचे बदलणं, असं वरवर वाटतं. तेही असतंच, पण खरं काम सुक्या गोदीत सुरू होतं. जहाज गोदीत शिरतं, दार बंद होतं, पाणी उपसतात आणि जहाज आधीच मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांवर अलगद टेकतं. मग पाण्याखालचा भाग उघडा पडतो: पंखे, सुकाणू, शिंपल्यांचा थर. प्रवासी जहाजाच्या तळाची तपासणी दरवर्षी बंधनकारक आहे आणि पाच वर्षांत किमान दोनदा ती गोदीतच व्हावी लागते. मालक त्याच मुहूर्तावर आतलं काम उरकून घेतात, कारण गोदीतल्या प्रत्येक दिवशी तिकीटविक्री शून्य असते. सुतार, वेल्डर, वीजवाले पाळ्यांमध्ये चोवीस तास राबतात. जुने सोफे एका बाजूने बाहेर, नवे दुसऱ्या बाजूने आत. बाजूचे दरवाजे पुरले नाहीत तर पोलादी कूस कापतात आणि काम झाल्यावर पुन्हा वेल्ड करतात. पुष्कळदा न्हाणीघरं कारखान्यातच भिंती-नळांसकट तयार होऊन येतात आणि अखंड सरकवली जातात.

काही गोष्टींना मात्र हात लावणं फार अवघड. आग पसरू नये म्हणून मोठ्या प्रवासी जहाजाचे उभे विभाग पाडलेले असतात. एका विभागाची लांबी साधारण 40 मीटर, काही अटींवर 48 मीटरपर्यंत. त्यामुळे कितीही मोठं दालन करायची हौस असली तरी अग्निरोधक भिंत मध्ये येतेच. वाईतल्या जुन्या वाड्यात फरशी आणि रंग बदलता येतो, पण मधला खांब काढायचा म्हटलं की गवंडी डोकं खाजवतो, तसंच हे. दुसरी अडचण वजनाची. वरच्या मजल्यांवर घसरगुंड्या आणि बाल्कन्या वाढवल्या की गुरुत्वमध्य वर सरकतो. म्हणून मोठ्या बदलानंतर ज्ञात वजनं ठरलेल्या अंतरावर सरकवून जहाज किती कलतं ते मोजतात आणि त्यावरून स्थैर्याचा नवा हिशेब मांडतात. काही जहाजांना यासाठी मागच्या टोकाला, पाण्याच्या पातळीवर, पोलादाची शेपटी जोडावी लागते. बंदरात उभं राहून जहाजाचा मागचा भाग टिपणाऱ्याला ती ओळखता येते.

याहून धाडसी शस्त्रक्रियाही झाल्या आहेत. ‘एन्चांटमेंट ऑफ द सीज’ हे जहाज 2005 मध्ये रॉटरडॅमच्या गोदीत मधोमध कापलं आणि सुमारे 22 मीटर लांबीचा नवा तुकडा मध्ये बसवून पुन्हा सांधलं. तुकडा आधीच वेगळा बांधून ठेवलेला होता. आतल्या हजारो तारा आणि नळ्या नेमक्या जुळवणं हे पोलाद कापण्यापेक्षा कठीण काम.

‘एम्प्रेस’च्या पोटात काय काय झालं? 2004 च्या सुमारास तिच्यावर चढाईची कृत्रिम भिंत आली. 2016 मध्ये ती मूळ कंपनीकडे परतली तेव्हा स्वयंपाकघराचं काम इतकं वाढलं की ठरलेल्या अनेक सफरी रद्द कराव्या लागल्या. माझ्या मते क्रूझ जहाजाची खरी परीक्षा तिथेच होते, झुंबराखाली नव्हे. त्या भटारखान्यातून दीड-दोन हजार माणसांना दिवसातून अनेकदा जेवण जातं, आणि एकही प्रवासी त्याचा फोटो काढत नाही.

मुंबईने पाहिलेलं दुसरं जहाज ‘कर्णिका’. 1990 मध्ये इटलीच्या मोनफाल्कोने गोदीत बांधलेलं, 245 मीटर लांबीचं. रचना रेन्झो पियानो या नामवंत वास्तुविशारदाची, पुढचा घुमट डॉल्फिनच्या डोक्यासारखा. नावं मोजावीत तर: ‘क्राउन प्रिन्सेस’, ‘आरोझा ब्लू’, ‘आयडाब्लू’, ‘ओशन व्हिलेज टू’, ‘पॅसिफिक ज्युएल’ आणि 2019 मध्ये ‘कर्णिका’. अमेरिकी, जर्मन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि शेवटी भारतीय प्रवाशांच्या आवडीनुसार आतला संसार दरवेळी बदलला. कोरोनाने सफरी थांबल्या आणि नोव्हेंबर 2020 मध्ये ते अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेलं. त्याआधी, 2018 मध्ये, मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ आलं होतं, तेही जपानमध्ये फेरी म्हणून चाललेलं. नाव कान्होजी आंग्र्यांवरून. त्यांचं सरखेलपद कायम केलं ते शाहू महाराजांनी, बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने. म्हणजे या नावाचा एक धागा साताऱ्याच्या गादीपर्यंत पोहोचतो.

सांगलीकरांच्या रोजच्या बोलण्यातला धागा तर याहून जवळचा. विश्रामबागेतल्या वालचंद कॉलेजचा पत्ता रिक्षावाल्याला सांगावा लागत नाही. 1947 मध्ये सुरू झालेल्या या अभियांत्रिकी महाविद्यालयाला 1955 मध्ये वालचंद हिराचंद यांचं नाव मिळालं. सातारा रोडचा कूपर कारखाना, जिथे डिझेल इंजिनं बनली, तोही पुढे वालचंद समूहात गेला. (त्याचे संस्थापक धनजीशा कूपर 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पहिले प्रधानमंत्री झाले, हे साताऱ्यातही थोड्यांनाच आठवतं.) सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांनी 1919 मध्ये नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांच्याबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीत शिरायला पहिलं जहाज घेतलं ‘लॉयल्टी’, आणि तेसुद्धा जुनंच, आतून-बाहेरून बदललेलं.

योगायोग असा की तिचंही पाळण्यातलं नाव ‘एम्प्रेस’च होतं. इंग्लंडमधल्या बॅरो इथे बांधलेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ 1891 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या सेवेत आली आणि हाँगकाँग ते व्हँकुव्हर धावू लागली. पांढरा रंग, दोन धुराडी, शिडाच्या जहाजासारखं पुढे झुकलेलं नाक, 5,905 टनेज. पहिल्या वर्गाचे प्रवासी, चहा आणि रेशीम ती पॅसिफिक ओलांडून नेई. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली, नाव ठेवलं ‘लॉयल्टी’ आणि तिचं रुग्णालय केलं. श्रीमंतांची दालनं गेली, जखमी सैनिकांच्या खाटा आल्या. युद्ध संपल्यावर सिंदिया कंपनीने ती घेतली आणि पुन्हा प्रवासी जहाज म्हणून 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला पाठवली. वालचंद आणि नरोत्तम मोरारजी स्वतः त्या सफरीवर होते. आपण 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो या सफरीवरून. धंद्याच्या हिशेबात मात्र ‘लॉयल्टी’ परवडली नाही आणि 1923 मध्ये मुंबईतच मोडीत निघाली. कंपनी टिकली, मालवाहतुकीत वाढली. 1941 मध्ये तिने विशाखापट्टणमला गोदीची पायाभरणी केली आणि तिथे बांधलेलं ‘जलउषा’ 1948 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं.

आता कॅमेऱ्याबद्दल. जहाजाचं वय शोधायचं तर नाव पाहू नका, क्रमांक पाहा. प्रत्येक मोठ्या प्रवासी जहाजाला सात आकड्यांचा आयएमओ क्रमांक असतो. मालक, देश, रंग, नाव बदललं तरी तो बदलत नाही, आणि प्रवासी जहाजांवर तो आकाशातूनही वाचता येईल असा आडव्या पृष्ठभागावर लिहावा लागतो. ‘एम्प्रेस’चा क्रमांक 8716899. यातल्या पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणून बेरीज करा: 56, 42, 5, 24, 24 आणि 18, म्हणजे 169. शेवटचा आकडा 9, आणि क्रमांकाचा सातवा आकडाही 9. फोटोत एखादा आकडा अस्पष्ट आला तर तो कोणता असेल याच्या शक्यता या हिशेबाने कमी करता येतात.

पुढचा फोटो नाकाजवळ. जहाजाचं नाव पुष्कळदा वेल्डिंगच्या उंचवट्याने पोलादावर उठवलेलं असतं, आणि रंगाखाली जुन्या नावाची अक्षरं राहून जातात. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं पडलं की त्यांच्या सावल्या उठतात. दुपारच्या उभ्या उन्हात काहीच दिसत नाही. आत शिरल्यावर झुंबराआधी जिन्याची ठेवण, खांबांमधलं अंतर आणि छताची उंची टिपा, कारण सजावटकाराला यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं. लांब मार्गिकेत उभं राहिलात तर भिंतीत दडवलेले अग्निरोधक दरवाजे दिसतील. तिथेच ते उभे विभाग संपतात. वाइड लेन्सने खोली दुप्पट दिसते आणि घरच्यांची फसगत होते, तेव्हा एक फोटो साध्या लेन्सने, दारात उभं राहून काढावा. रात्री ट्रायपॉड लावून लांब एक्स्पोजर घेण्याचा मोह टाळा: इंजिनाची थरथर डेकमधून ट्रायपॉडच्या पायात चढते आणि दिवे दुहेरी उमटतात. रिकामी दालनं हवी असतील तर प्रवासी गोव्यात उतरून फिरायला गेलेले असतात तो वेळ सर्वात चांगला. तरणतलावापाशी मात्र कॅमेरा खाली; अनोळखी माणसांची पोहतानाची छायाचित्रं काढणं हा असभ्यपणा आहे.

बाहेरून संपूर्ण जहाज एका चौकटीत हवं असेल तर गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणारी लाँच बरी; बंदराच्या आत परवान्याशिवाय प्रवेश नाही. लाँचमधून फोटो काढताना नौदलाची गोदी आणि युद्धनौका चौकटीत येणार नाहीत याची काळजी घ्या, तिथे छायाचित्रणाला बंदी आहे. रात्रीच्या बसने साताऱ्याहून निघालं की पहाटे मुंबईत पोहोचता येतं. जहाजावर चढण्याची वेळ बहुधा दुपारची असते, म्हणजे आधी लाँचची एक फेरी सहज जमते.