गाडीचा रंग राखायचा तर

गेल्या दसऱ्यास आमच्या पुतण्याने इंदुरात नवा पिकअप ट्रक घेतला. चोइथराम मंडीतून बटाटा आणि लसूण भरावयाचा व आग्रा-मुंबई मार्गाने धुळे, नाशिकपर्यंत पोचवावयाचा, असा त्याचा व्यवसाय. गाडी अर्थातच कर्जावर. पूजा झाली, नारळ फुटला, आमच्या वहिनींनी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखले, आणि दुसऱ्याच दिवशी चिरंजीव गाडी घेऊन एका दुकानी गेले. तेथे त्यांना सांगण्यात आले की, सिरॅमिक कोटिंग करून घ्या, मग रंगावर ओरखडा म्हणून उठणार नाही. जवळजवळ एका हप्त्याइतकी रक्कम त्यापायी खर्च झाली. गाडी मात्र आरशासारखी झळकू लागली, हे मान्य करावयास हवे.

ह्या आषाढात तोच पुतण्या गाडी दारात उभी करून आम्हांस म्हणाला, “काका, जरा इकडे या. सिरॅमिक केलं होतं ना आपण? मग हे काय?” बॉनेटच्या पुढल्या कडेवर तांदळाच्या दाण्याएवढे अकरा टवके उडालेले होते आणि त्यांतील चार-पाचांतून तांबूस गंज डोकावत होता. मानपूरचा घाट, सेंधव्यापुढचा बिजासन घाट. पुढे डंपर चालला असेल तर त्याच्या चाकाखालून खडी कशी सुटते, हे त्या वाटेने जाणाऱ्यांस सांगावयास नको.

पोराचा चेहरा पाहून आम्हांस राहवले नाही. रंगकाम करणाऱ्या दोन जुन्या कारागिरांकडे व फिल्म बसविणाऱ्या एका तरुणाकडे आम्ही बसून आलो. जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण आपल्यापैकी कित्येक घरांत आज एखादी तरी कर्जावरची गाडी उभी असते.

‘सिरॅमिक’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोणच्याची चिनीमातीची बरणी येते, आणि सारा घोटाळा येथूनच सुरू होतो. हे कोटिंग म्हणजे सिलिकायुक्त पातळ द्रव. तो फडक्याने रंगावर पसरला की सुकून काचेसारखा घट्ट धरतो. परंतु त्याची जाडी किती? साधारण एक-दोन मायक्रॉन. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरची पारदर्शक लाख हे सारे थर मिळून १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे लिहिण्याच्या एका कागदाहून फारसे जाड नव्हेत. त्यावर दोन मायक्रॉनची भर पडल्याने घाटातली खडी थांबावी कशी? सिरॅमिकचे गुण वेगळे आहेत. पाणी थेंब-थेंब होऊन ओघळते, चिखल व डांबर घट्ट चिकटत नाही, पक्ष्यांची विष्ठा वेळेवर धुतली तर डाग पडत नाही, उन्हाने लाख विटण्याचा वेग थोडा मंदावतो. धुण्याचे श्रम वाचविणारी वस्तू म्हणून ती चांगली. ढाल म्हणून नव्हे.

ढालीचे काम करते ती फिल्म. पॉलियुरेथेन नावाच्या लवचीक प्लॅस्टिकची ही पारदर्शक पट्टी १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती धूळ-वाळूने झिजू नयेत म्हणून अशा पट्ट्या वापरात आल्या, पुढे त्या मोटारींवर आल्या. खडा आदळला की ती किंचित दबते आणि आघात स्वतःत जिरवते. चांगल्या फिल्मच्या वरच्या थरावरील बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपोआप मिटतात. आम्हांस ही अतिशयोक्ती वाटली होती, पण त्या तरुणाने तारेच्या ब्रशाने रेघोट्या ओढून व गरम पाणी ओतून आमची खात्री पटविली. फार मोठा, टोकदार दगड मात्र फिल्मही फाडतो. स्वस्तात मिळते ती बहुधा पीव्हीसीची असते. ती लवकर पिवळी पडते आणि काढताना तुकड्यातुकड्यांनी निघते, म्हणून घेताना नाव नव्हे, द्रव्य विचारावे.

फिल्म बसविण्याचे काम पाहण्यासारखे असते. आधी गाडी धुतात, लोखंडाचे कण विरघळविणारे द्रावण मारतात (ते कण सापडले की जांभळे ओघळ येतात), मग विशिष्ट मातीच्या गोळ्याने पृष्ठभाग गुळगुळीत करतात. साबणाचे पाणी फवारून फिल्म तरंगती ठेवतात आणि रबरी पट्टीने पाणी बाहेर लोटीत ती बसवितात. धुळीचा एक कण आत राहिला तरी तो कायमचा दिसतो, म्हणून उघड्या अंगणात हे काम करून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. दोन्ही करावयाचे असल्यास फिल्म आधी आणि सिरॅमिक तिच्यावर. उलट केल्यास फिल्मचा गोंद नीट धरत नाही.

आता ट्रकला हे सारे अंगभर हवे काय? आमच्या मते मुळीच नको. मालाचा हौदा पोत्यांनी आणि साखळ्यांनी घासला जाणारच. त्याला वेळच्या वेळी रंगाचा हात देणे हेच खरे. बंपर प्लॅस्टिकचा असेल तर त्याला गंज नाही, टवका उडाला तर उडाला. पत्र्याचे बॉनेट, काचेच्या वरची टपाची कड, चाकांमागचा दाराचा खालचा भाग, एवढ्याच ठिकाणी फिल्म लावली तरी काम भागते आणि खर्चही आवाक्यात राहतो. नंबर प्लेट व रात्री चमकणाऱ्या पट्ट्या तिच्याखाली झाकू नयेत. पेंटरकडून हाताने काढून घेतलेल्या अक्षरांवरही ती लावू नये. काढताना अक्षरे तिच्याबरोबर निघून येण्याची भीती असते.

माळव्यातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुऊन उन्हात सोडली तर थेंब वाळून पांढरे ठिपके उमटतात, आणि सिरॅमिकवर थेंब गोल उभे राहत असल्याने ते अधिकच उठून दिसतात. धुतल्याबरोबर कोरड्या मऊ फडक्याने पुसणे, एवढाच त्यावर उपाय.

पुतण्याचे टवके कारागिराने दाखविले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, टवका पडला त्याच आठवड्यात टचअपची बाटली लावली असती, तर गंज चढलाच नसता.” ही बाटली शोरूममध्ये गाडीच्या रंगाचा क्रमांक सांगितला की मिळते, आणि तिची किंमत फिल्मपुढे नगण्य. आता मात्र गंज घासून पत्रा उजळ करावा लागला, प्रायमर, रंग, लाख असे सारे पुन्हा झाले. नव्या रंगातील द्रावके उडून जाईपर्यंत त्यावर फिल्म लावता येत नाही. निदान महिनाभर थांबा, असे बजावून सांगितले आहे. तोवर डंपरच्या मागे अंतर ठेवून चालण्याचे पुतण्याने कबूल केले आहे.

फिल्म दसऱ्याच्या आधी बसेल असा अंदाज आहे. कुंकवाचा डाग तिच्यावर राहतो की निघतो, हे वहिनींनी त्या तरुणास दोनदा विचारले. तो जरा घुटमळला, तेव्हा स्वस्तिक यंदा समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढायचे त्यांनी ठरविले आहे.