फ्लॅशचाच गोंगाट

फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून उतरवून बाजूला उभा केला, की सपाट चेहऱ्याला उठाव येतो, हे नव्याने सांगायला नको. मला अनेक वर्षं छळणारा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दहा फुटांवरच्या त्या फ्लॅशला ‘आत्ता’ हे सांगायचं कोणी, आणि त्यासाठी खिशाला किती चाट लावून घ्यायची?

सगळ्यात स्वस्त उत्तर सिंकची वायर. तिच्यावर भरवसा ठेवता येतो. फक्त कोणाचा तरी पाय तिच्यात अडकतो. त्यानंतर स्लेव्ह. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड दिसला की लांबचा आपोआप उडतो. बंद खोलीत झकास. मंगल कार्यालयात मात्र कोणाही पाहुण्याच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश त्याला आपलाच वाटतो. शिवाय टीटीएलवर, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅशचा जोर आपोआप ठरवण्याच्या पद्धतीत, मुख्य उजेडाआधी प्री-फ्लॅश पडतो आणि साधा स्लेव्ह त्यावरच उडून मोकळा होतो. हल्लीच्या फ्लॅशवर एस-१, एस-२ अशी सोय असते, त्यातला एस-२ या प्री-फ्लॅशकडे दुर्लक्ष करतो. आणि जुन्या बाजारातला व्हिविटार २८३ हा फ्लॅश स्वस्त मिळाला तरी थेट हॉट-शूवर चढवू नये. त्याच्या काही जुन्या नगांत ट्रिगरचा दाब २०० व्होल्टच्या वर असतो, तर आयएसओ १०३३० या मानकाची मर्यादा २४ व्होल्ट. आधी मल्टीमीटर लावावा.

उरला रेडिओ, आणि इथेच मला खरी गोष्ट सापडली.

अमेरिकेतल्या व्हर्माँटचं पॉकेटविझार्ड म्हणजे एकेकाळी व्यावसायिकांचा हुकमी ट्रिगर. २००९ मध्ये त्यांनी कॅननसाठी मिनीटीटी१ आणि फ्लेक्सटीटी५ आणले. कॅमेरा आणि फ्लॅश यांच्यातले संकेत उलगडून टीटीएल रेडिओवरून नेणारी ही जोडी, एकेक नग २०० डॉलरच्या आसपास. लोकांनी घेतले, आणि फ्लॅश जवळच असूनही तो कधी उडे, कधी ढिम्म राही. शिव्या अर्थातच ट्रिगरला. दोषी निघाला कॅननचा फ्लॅश. ५८०ईएक्स मालिकेतले फ्लॅश स्वतःच रेडिओ-गोंगाट करत, आणि तो नेमका अमेरिकी पॉकेटविझार्डच्या ३४० ते ३५४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. कानाशी ढोल वाजत असताना रिसिव्हरला हाक ऐकू येणार कशी? युरोपातले नग ४३३ मेगाहर्ट्झवर चालत, त्यांना त्रास कमी. मला सगळ्यात आवडलेला तपशील असा, की त्यातल्या त्यात शांत होता तो स्वस्तातला ४३०ईएक्स-२! महागड्या ५८०ईएक्सला मात्र पॉकेटविझार्डने विद्युतलहरी अडवणारं कापडी आवरण विकायला काढलं, एसी५ नावाचं. फ्लॅशला मोजा घालायचा, नाहीतर केबल लावून तो रिसिव्हरपासून दूर न्यायचा. म्हणजे वायर टाळायला रेडिओ घेतला आणि रेडिओ चालवायला पुन्हा वायर.

अमेरिकेहून येणाऱ्या पाहुण्याकडून ट्रिगर मागवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : युरोपातला आणि अमेरिकेतला पॉकेटविझार्ड एकमेकांशी बोलत नाहीत.

हा घोळ मिटवला तो २.४ गिगाहर्ट्झने. जगभर बहुतेक ठिकाणी परवान्याविना वापरता येणारा हा पट्टा वायफाय आणि ब्लूटूथमुळे इतका रुळला, की त्याच्या चिप कवडीमोल झाल्या. कॅननही २०१२ मध्ये याच पट्ट्यावरचा ६००ईएक्स-आरटी घेऊन आलं. मागोमाग चीनच्या योंगनुओने कॅननच्याच रेडिओशी जुळणारा फ्लॅश काढला, बराच कमी किमतीत. नक्कल म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत. अनेकांच्या हाती पहिल्यांदा रेडिओ आला तो अशा नकलांमुळेच.

आज नव्याने घ्यायचं असेल, तर मी गोडॉक्सचा टीटी६०० फ्लॅश सुचवेन. त्यात २.४चा रिसिव्हर आतच आहे, तेव्हा वेगळा घ्यायला नको. कॅमेऱ्यावर त्याच घराण्याचा एक्स-प्रो किंवा एक्स२टी ट्रिगर बसवला की काम झालं. टीटीएल नाही, मॅन्युअल आहे. स्थिर बसलेल्या माणसासाठी टीटीएल लागतो हा दुकानदारांचा समज. तो बाजूला ठेवला, की उरलेल्या पैशांत एक पांढरी छत्री, एक स्टँड आणि चांगल्या रिचार्जेबल सेलचे दोन संच सहज बसतात.