निन्टेंडोची जुनी डिस्क सिस्टिम बंद पडली? भंगारात काढण्याआधी तिचा रबरी बेल्ट बघा

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून मारिओ आणि काँट्रा खेळलेल्यांना तो व्हिडिओ गेम आठवतच असेल. वरून कॅसेट खोचायची, चालली नाही तर फुंकर मारायची आणि परत खोचायची. आपल्याकडे मिळणारे त्यातले बरेचसे गेम म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या 'फॅमिकॉम'ची नक्कल होती.

पण जपानमध्ये या फॅमिकॉमला जोडायला आणखी एक यंत्र मिळायचं, डिस्क सिस्टिम. ते २१ फेब्रुवारी १९८६ ला बाजारात आलं. किंमत होती १५ हजार येन. त्याच दिवशी 'द लेजेंड ऑफ झेल्डा' हा गाजलेला गेमही आला.

डिस्कचा फायदा काय? तर दोन्ही बाजू मिळून ११२ केबी जागा, खेळ अर्धवट सोडला तर सेव्ह करायची सोय, आणि गेमचा कंटाळा आला की दुकानातल्या मशिनवर ५०० येनमध्ये त्याच डिस्कवर दुसरा गेम भरून मिळायचा.

आज हे यंत्र हौशी लोकांच्या हाती लागतं, तेव्हा बहुतेकदा ते डिस्क वाचत नाही. मग नेमकं काय तपासायचं?

आधी स्क्रीनवरचा नंबर बघा

एरर ०१ म्हणजे डिस्क नीट बसलेली नाही. एरर ०२ म्हणजे ड्राइव्हला वीज मिळत नाही. हा ड्राइव्ह ६ जाड सेलवर किंवा स्वतःच्या अडॅप्टरवर चालतो, त्यामुळे आधी सेल बदलून बघायचे. एरर ०७ आला तर डिस्कची चुकीची बाजू आत गेली आहे, उलटी करून घाला.

यातलं काहीच नसेल, तर संशय बेल्टवर घ्यायचा.

बेल्टचं काय होतं?

टेपरेकॉर्डरचा बेल्ट सैल झाला की गाणं रेंगाळायचं, तोच हा प्रकार. मोटरची ताकद डिस्कपर्यंत पोचवतो तो एक बारीक रबरी बेल्ट. वर्षानुवर्षं पडून राहिला की तो तुटतो, नाहीतर वितळून डांबरासारखा चिकट होतो. मोटर फिरते, डिस्क मात्र जागची हलत नाही.

असा बेल्ट काढल्यावर पुलीला चिकटलेला सगळा काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसून काढावा लागतो. तो राहिला, तर नवा बेल्टही घसरतो. डिस्क वाचणारं हेडही त्याच अल्कोहोलने हलक्या हाताने पुसायचं.

नवा बेल्ट टाकला, तरी चालेना?

बरेच जण इथेच हात टेकतात. याचं कारण ड्राइव्हच्या रचनेत आहे.

कॉम्प्युटरच्या फ्लॉपीवर माहिती वेगवेगळ्या वर्तुळांत असते आणि हेड हवं त्या वर्तुळावर जातं. इथे मात्र ग्रामोफोनच्या तबकडीसारखी एकच सलग गोल गोल जाणारी रेघ आहे. हेड एका टोकापासून निघतं, दुसऱ्या टोकाला पोचतं आणि झटक्यात मागे येतं. सुरुवातीची जागा थोडी जरी सरकली, तरी पुढचं सगळंच चुकतं.

दुरुस्ती करताना नेमकी हीच जागा हलू शकते. मग डिस्कला धरणाऱ्या भागाचा बारीक स्क्रू सैल करायचा, तो भाग किंचित फिरवायचा, स्क्रू आवळायचा आणि डिस्क घालून बघायची. एका फटक्यात जमेलच असं नाही.

ही चाचणी दुर्मिळ डिस्कवर करू नये. हेड घाण असेल तर डिस्कवर ओरखडे पडू शकतात, आणि जागा चुकलेली असताना गेम सेव्ह झाला तर आधीची माहितीही बिघडू शकते. म्हणून साधी, पण नक्की चालणारी डिस्क वापरायची.

एवढी काळजी कशासाठी? तर निन्टेंडोने डिस्कवर गेम भरून देणं २००३ मध्ये थांबवलं आणि यंत्राची दुरुस्ती २००७ मध्ये बंद केली. डिस्कवरचा गेम पुसला गेला, तर आता तो कंपनीकडून परत भरून मिळत नाही. बेल्ट मात्र आजही नवा मिळतो.