मनसरची हिडिंबा टेकडी: विहार, राजवाडा की देवालय?

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटर गेले की मनसर लागते. रामटेकला जाणारे येथूनच वळतात. गावाजवळच्या तलावाकाठी विटांच्या प्राचीन बांधकामाचे अवशेष असलेली हिडिंबा टेकडी आहे. नाव भीम-हिडिंबेच्या लोककथेतून आलेले, अवशेष मात्र मुख्यतः वाकाटककाळाचे.

वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन अकाली वारला. मुले अज्ञान असल्याने कारभार राणी प्रभावतीगुप्तेने पाहिला. ती गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. राजधानी तेव्हा नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला होती. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने ती प्रवरपूरला हलवली. हे प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातील पवनार, असे वा. वि. मिराशी यांचे मत होते. प्रवरपूर म्हणून मनसरचे नाव पुढे आले ते नंतर.

१९७२ मध्ये येथे लाल वालुकाश्मातील शिवाची एक देखणी मूर्ती सापडली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मोठे उत्खनन १९९७-९८ पासून झाले, बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या पुढाकाराने. रामटेक परिसराचा बौद्ध आचार्य नागार्जुनाशी संबंध सांगणारी परंपरा जुनीच, त्यामुळे बौद्ध केंद्राचा शोध हा त्यामागचा स्वाभाविक हेतू होता. उत्खननाचे नेतृत्व करणाऱ्या जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी टेकडीवर शिवमंदिराबरोबर स्तूपाचे टप्पेही मांडले. पायथ्याशी असलेली वास्तू त्यांना राजवाडा वाटली. टेकडीतील एका खोल खड्ड्यात घडवून ठेवलेली पुरुषाकृती निघाली, तेव्हा त्यांनी तिचा संबंध पुरुषमेधाशी, म्हणजे नरबळीच्या यज्ञाशी जोडला. हा अर्थ सर्वांना पटलेला नाही.

डच अभ्यासक हान्स बाकर यांच्या मते टेकडीवरची वास्तू म्हणजे प्रवरसेनाने उभारलेले प्रवरेश्वराचे, म्हणजे शिवाचे, देवालय. त्यांचा आधार भक्कम आहे. प्रवरसेनाच्या पांढुर्णा ताम्रपटात ‘प्रवरेश्वरदेवकुलस्थान’ असा उल्लेख आहे आणि मनसरच्या मुद्रांवर बाकर यांनी प्रवरेश्वराचेच नाव वाचले. वाकाटककाळापुरते तरी शिवालयाचे पारडे जड दिसते. त्याने स्तूपाचा दावा आपोआप निकालात निघत नाही. एकाच जागी धर्मस्थाने बदलत गेल्याची उदाहरणे भारतात पुष्कळ आहेत.

रामटेकच्या गडावर जाणाऱ्यांनी तासभर मनसरला द्यावा. उन्हाळ्यात सकाळी लवकर जावे, आणि विटांच्या भिंतींवर चढू नये.